समस्या कुणाची, पूर्ती कुणाची? लेखनगट आणि मुक्तिबोधांचे तीन क्षण



तुमच्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या लेखनगटात असतील. गट वर्गात जमणारा असो किंवा मोबाइलवरचा, रीत साधारण सारखीच असते. कुणीतरी एक विषय देतो, ठरलेल्या दिवशी प्रत्येक जण आपले लेखन वाचतो, ‘वा’, ‘क्या बात’, ‘अप्रतिम’ असे शेरे मिळतात आणि पुढचा विषय जाहीर होतो. या रीतीत लेखन वाढते, हे खरे. पण लेखक वाढतो का, हा प्रश्न या टिपणात विचारायचा आहे. त्यासाठी समीक्षेतील एक जुनी मांडणी वापरू. ती गजानन माधव मुक्तिबोध यांची आहे आणि तिचा माझ्या गावाशी, म्हणजे जबलपूरशी, जवळचा संबंध आहे.

1. एका विषयाची गोष्ट

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो आणि जबलपूरच्या गोरखपूर भागात राहतो. (उत्तर प्रदेशातले गोरखपूर वेगळे. आमचे गोरखपूर म्हणजे जबलपुरातली एक गजबजलेली बाजारपेठ आणि तिच्याभोवतीची वस्ती.) काही वर्षांपूर्वी मुलांच्या आग्रहावरून आम्ही शुक्रवारी संध्याकाळी एक लेखनगट चालवत होतो. हिंदी आणि मराठी दोन्ही चालत. एकदा मी विषय दिला, ‘पहिला पाऊस’.

आलेल्या बहुतेक कवितांत मातीचा सुगंध होता, चहा होता, खिडकी होती आणि कुणाची तरी आठवण होती. बालाघाटकडच्या एका मुलीची कविता मात्र वेगळी सुरू झाली. तिच्या घरची वीटभट्टी. उन्हाळ्याच्या शेवटी अंगणात वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या रांगा. रात्री अचानक वळीव आला. चार ओळी अशा झाल्या आणि पाचव्या ओळीपासून तिच्याही कवितेत मातीचा सुगंध आला, शेवटी मन चिंब भिजले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या ओळींना सर्वांत आधी दाद दिली ती मी.

सत्र संपताना ती मला म्हणाली, ‘‘सर, आमच्याकडे त्या वासाने कुणी खूश होत नाही. कच्ची वीट भिजली की तिचा चिखल होतो. तो वास म्हणजे गेलेली मजुरी.’’

मग तिने तसे का लिहिले नाही? कारण विषय ऐकताच त्याच्याबरोबर येणारे उत्तरही तिला ऐकू आले होते आणि टाळ्या कुठल्या ओळीला पडतात हे तिला माहीत होते. गटाने तिच्यावर कसलीही सक्ती केली नव्हती. तरीही गटात असल्यामुळेच तिची स्वतःची गोष्ट पाचव्या ओळीत संपली. हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी आधी ‘दिलेला विषय’ म्हणजे नेमके काय, ते पाहू.

2. विषय आणि बंधन

दुसऱ्याने दिलेल्या सूचनेवरून लिहिणे ही आजची पद्धत नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत ‘काव्यसमस्यापूरण’ ही एक कला आहे. समस्या म्हणजे पद्याचा एखादा चरण. उरलेले चरण कवीने असे रचायचे की दिलेला चरण सहज त्यात बसावा. भोजराजा आणि कालिदास यांच्या नावावरच्या अनेक आख्यायिका अशा समस्यांभोवती रचलेल्या आहेत. उर्दूत तरही मुशायरा असतो. त्यात एक मिसरा आधी दिला जातो. त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफात सर्वांनी गझल लिहायची आणि दिलेल्या मिसऱ्याला आपली ओळ जोडून शेर पुरा करायचा. या जोडणीला ‘गिरह’ म्हणतात. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात एका पक्षाचा शाहीर कवनातून कोडे घालतो आणि दुसऱ्याने ते कवनातूनच सोडवायचे असते. बारामतीचे मोरोपंत तर स्वतःच स्वतःला समस्या घालत. त्यांच्या एकशे आठ रामायणांतील ‘निरोष्ठ रामायण’ ओठ न जुळवता उच्चारता येतील अशा शब्दांत रचलेले आहे. म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. रामाची कथा सांगायची आणि ‘राम’ हे नाव मात्र घ्यायचे नाही!

ही उदाहरणे आणि माझा ‘पहिला पाऊस’ यांत फरक आहे. मिसरा, वर्ज्य अक्षरे, ठरलेला यमक ही सगळी बंधने आहेत. ती काय वाटावे हे सांगत नाहीत. कसे म्हणता येणार नाही एवढेच सांगतात. सवयीचा शब्द तोंडाशी येतो आणि बंधन त्याला अडवते, त्यामुळे कवीला दुसरा शब्द शोधावा लागतो. या शोधात कधी कधी त्याला अपेक्षित नसलेला अर्थही सापडतो. ‘पहिला पाऊस’, ‘आई’, ‘एकटेपणा’ हे विषय आहेत. त्यात कुठेच अडथळा नाही. उलट अशा प्रत्येक शब्दामागे अनेक वर्षांच्या पाठ्यपुस्तकांनी, भावगीतांनी आणि शुभेच्छापत्रांनी एक तयार भावना ठेवलेली असते. विषय देणाऱ्याला वाटते की आपण मोकळे मैदान दिले. प्रत्यक्षात त्यावर पायवाट आधीच पडलेली असते.

बंधनाने लिहिलेले सगळे चांगले असते असा याचा अर्थ नाही. समस्यापूर्तीच्या परंपरेत निव्वळ कसरतीचे ढीग आहेत. चतुराई दिसते आणि कविता सापडत नाही. म्हणून केवळ ‘विषय वाईट, बंधन चांगले’ असे सूत्र पाठ करून भागणार नाही. लेखनाच्या प्रक्रियेत बाहेरून आलेली सूचना नेमकी कुठे काम करते, ते पाहावे लागेल.

3. जबलपूर, ‘वसुधा’ आणि एक डायरी

1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. नोकरी, शिक्षण आणि छापखाना यांनिमित्त माणसे या दोन शहरांत ये-जा करत. मुक्तिबोधांच्या आयुष्याचा बराच काळ याच टापूत गेला. जन्म 13 नोव्हेंबर 1917, श्योपूर. घरची भाषा मराठी, लिहिण्याची भाषा हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या त्यांच्या समीक्षाग्रंथाला 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गजानन माधव काही काळ जबलपुरात शिक्षक होते, नंतर नागपूर, शेवटी राजनांदगावच्या महाविद्यालयात प्राध्यापक.

1950 च्या दशकात हरिशंकर परसाई यांनी जबलपुरातून ‘वसुधा’ हे मासिक काढले. साधने तुटपुंजी आणि आयुष्यही थोडकेच. याच मासिकात मुक्तिबोधांचे डायरीवजा लेख येत. ते पुढे 1964 साली ‘एक साहित्यिक की डायरी’ या नावाने पुस्तकरूप झाले. नाव डायरी असले तरी त्यात तारखा आणि दिनक्रम नाही. त्यात जागोजागी माणसे बोलतात. लेखक रस्त्याने चालतो आहे, कुणी मित्र भेटतो, वाद होतो, लेखक अडचणीत येतो, घरी येऊन पुन्हा विचार करतो. एकट्याने लिहिलेल्या या पुस्तकाचा घाट गटासारखा आहे, हे त्याचे वैशिष्ट्य तुम्ही लक्षात ठेवा.

त्यातला ‘तीसरा क्षण’ हा लेख आपल्या कामाचा आहे. निवेदक आणि त्याचा केशव नावाचा जुना मित्र यांच्या संवादातून त्यात कलानिर्मितीचे तीन क्षण मांडले जातात. माझ्या शब्दांत सांगायचे तर ते असे.

पहिला क्षण जीवनातल्या उत्कट अनुभवाचा. काहीतरी लागते, खुपते, हलवून टाकते.

दुसरा क्षण त्या अनुभवाने आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटे होण्याचा. जे ‘मला’ झाले होते ते आता डोळ्यांसमोर उभे राहते, पाहता येते. मुक्तिबोध याला ‘फॅंटसी’ म्हणतात. परीकथा किंवा दिवास्वप्न हा अर्थ इथे घेऊ नका. अनुभवाचे मनात उभे राहिलेले, थोडे परके झालेले रूप, असा अर्थ घ्या. या क्षणी एकट्याचे दुःख इतरांच्या दुःखाशी जोडले जाऊ शकते.

तिसरा क्षण त्या रूपाला शब्द देण्याचा. सुरुवातीच्या ओळीपासून रचना पुरी होईपर्यंतचा सगळा प्रवास यात येतो. मुक्तिबोधांचे महत्त्वाचे म्हणणे इथे आहे. शब्द म्हणजे तयार रूपावर चढवायचा अंगरखा नसतो. भाषेत आधीच्या माणसांचे अर्थ साठलेले असतात. ते अर्थ फॅंटसीला ओढतात, बदलतात; फॅंटसीही भाषेला ताणते आणि वाकवते. या ओढाताणीतून बाहेर पडणारी कृती मूळ अनुभवाची नक्कल राहत नाही.

आता वीटभट्टीची कविता या तीन क्षणांवर ठेवून पाहा. पहिला क्षण होता, आणि तो खराच होता, वळवाची ती रात्र. दुसऱ्या क्षणाची सुरुवातही झाली होती. विटांच्या रांगा तिला दिसत होत्या, आम्हालाही दिसल्या. घात तिसऱ्या क्षणी झाला. ‘पाऊस’ हा शब्द आपल्यासोबत ‘मातीचा सुगंध’ घेऊन आला, आणि त्या साठलेल्या अर्थाने तिची फॅंटसी ओढून नेली. ओढाताण व्हायला दुसऱ्या टोकाला बळ लागते. ते बळ तिला गटाकडून मिळायला हवे होते. आम्ही सगळे शब्दाच्या बाजूने ओढत होतो.

4. भुताच्या गोष्टीची पैज

दिलेल्या सूचनेतून मोठी कृती निर्माण होऊ शकते का? होऊ शकते. जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 1816 च्या उन्हाळ्यातले आहे. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तंबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता आणि त्यामुळे युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी एका घरात पावसाने अडकलेल्या मित्रांना कवी बायरनने सुचवले की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी. त्यातून अठरा वर्षांच्या मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी सुरू झाली. ती 1818 मध्ये प्रसिद्ध झाली. पॉलिडोरी या तरुण डॉक्टरची ‘द व्हॅम्पायर’ ही कथाही त्याच मुक्कामाची. बायरन आणि पर्सी शेली या नावाजलेल्या कवींनी मात्र आपापल्या गोष्टी लवकरच सोडून दिल्या.

मेरीने नंतर लिहून ठेवले आहे की कित्येक दिवस तिला काहीच सुचत नव्हते. रोज सकाळी विचारणा होई आणि रोज तिला नकार द्यावा लागे. म्हणजे सूचना मिळताच तिने हाताशी आलेले भूत कागदावर उतरवले नाही. शिवाय तिचा पहिला क्षण त्या पैजेच्या आधीचा होता. 1815 मध्ये तिचे पहिले मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेले होते, आणि ते शेकोटीपाशी चोळल्यावर पुन्हा जिवंत झाले असे स्वप्न तिने रोजनिशीत नोंदवले होते. निर्जीव देहात प्राण आणणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट तिला का सुचली, याचे सगळे उत्तर या एका नोंदीत आहे असे मी म्हणणार नाही. त्या घरात विज्ञानावरच्या गप्पाही चालत होत्या. पण बायरनच्या सूचनेने अनुभव पुरवला नाही, हे उघड आहे. आधीच्या अनुभवाला बाहेर यायला तिने एक दार दिले.

यावरून आपल्याला कसोटी मिळते. पहिला क्षण कुणी कुणाला देऊ शकत नाही. जी सूचना पहिल्या क्षणाची बतावणी करते, म्हणजे तयार भावनाच हातात ठेवते, ती लेखकाचे नुकसान करते. जी त्याच्या स्वतःच्या अनुभवाला दार देते किंवा तिसऱ्या क्षणी सवयीच्या शब्दाला अडवते, ती उपयोगी. ‘पहिला पाऊस’ऐवजी मी ‘पावसाने तुमच्या घरचे काय बिघडवले?’ असे विचारले असते, किंवा ‘पावसावर लिहा, पण माती, सुगंध आणि मन हे शब्द वर्ज्य’ असे सांगितले असते, तर त्या मुलीची पाचवी ओळ वेगळी झाली असती असे मला वाटते.

5. दोन मंडळे

आता गटाकडे वळू. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, ग. त्र्यं. माडखोलकर, विठ्ठलराव घाटे आणि नाट्यछटाकार दिवाकर ही त्यातली मंडळी. रविवारी जमायचे, एकमेकांचे लेखन ऐकायचे, त्यावर बोलायचे. त्यांनी एकत्र संग्रह काढले आणि गावोगावी कविता गाऊन कवितेला श्रोता मिळवून दिला. पुढे ‘छंदोरचना’सारखा वृत्तांवरचा पायाभूत ग्रंथ लिहिणारा कवी त्यांच्यात होता. अशा बैठकीत ओळ कुठे लंगडते हे सांगणारे कुणी नव्हते असे म्हणता येणार नाही. मराठीतल्या कुठल्याही लेखनगटाने हेवा करावा असे हे मंडळ होते.

तरीही त्यांच्या कवितेचा एक साचा झाला. तेच प्रणयाचे सूर, तीच सुनीते, तीच शब्दकळा. त्याचा पुरावा समीक्षकांनी देण्याआधी आचार्य अत्र्यांनी दिला. ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’मधली विडंबने तेव्हाच्या कवींची नक्कल करतात आणि रविकिरण मंडळाची कविता त्यात सुटत नाही. विडंबन कशाचे होऊ शकते याचा विचार करा. ज्याच्या लकबी ठरून गेल्या आहेत आणि वाचकाला त्या ओळखता येतात, त्याचे. बाहेरच्या एका माणसाने सगळ्यांसमोर ती नक्कल करून दाखवली, आणि मंडळाच्या आतल्या जिव्हाळ्याला जे दिसले नव्हते ते वाचकाला दिसले. सूर इतका जुळला होता की तो सूर आहे हेच कळेनासे झाले असावे, असा माझा तर्क आहे.

दुसरे उदाहरण 1943 चे. अज्ञेय यांनी संपादित केलेला ‘तार सप्तक’ हा सात हिंदी कवींचा संग्रह. सातांपैकी मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे घरी मराठी बोलणारे. योजना सहकाराची होती. प्रत्येक कवी पुस्तकाचा भागीदार. पण प्रस्तावनेत अज्ञेय आवर्जून सांगतात की हे सात जण एका पंथाचे नाहीत. महत्त्वाच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नावर त्यांचे मतभेद आहेत, ते एकमेकांच्या आवडीनिवडींना, इतकेच काय एकमेकांच्या मित्रांना आणि कुत्र्यांनाही हसतात. जोडणारा धागा एकच, सगळे अजून वाट शोधत आहेत. या सातांचे पुढचे रस्ते इतके वेगळे झाले की त्यांना एका विडंबनात पकडणे कठीणच.

तुलनेत अन्याय नको. एक मंडळ दर आठवड्याला भेटणाऱ्या मित्रांचे, दुसरे पुस्तकापुरते एकत्र आलेल्यांचे. रविकिरण मंडळाने वाचक घडवले, ते काम ‘तार सप्तक’ने त्या प्रमाणात केले नाही. पण लेखकाच्या वाढीपुरते पाहिले तर निष्कर्ष टाळता येत नाही. गटात जिव्हाळा असावा, मात्र मतभेद मांडायला जागा नसेल तर जिव्हाळ्याचाच साचा होतो.

6. ‘फीडबॅक’ हा शब्द

लेखनगटांत हल्ली शेऱ्यांना ‘फीडबॅक’ म्हणतात. हा शब्द आमच्या विषयातून तिकडे गेला आहे, म्हणून त्याचा मूळ अर्थ सांगतो.

यंत्रणेच्या आउटपुटचा काही भाग पुन्हा इनपुटकडे आणणे म्हणजे फीडबॅक. तो दोन प्रकारचा असतो. धन फीडबॅक जे घडते आहे त्यातच भर घालतो. गॅदरिंगमध्ये माइक स्पीकरसमोर गेला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, ती यामुळे. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये. बोलणाऱ्याचे शब्द बाजूला राहतात आणि यंत्रणा आपलाच आवाज वाढवत बसते. ऋण फीडबॅक याच्या उलट. काय हवे होते आणि काय झाले यांतला फरक तो मोजतो आणि तो फरक कमी करतो. हॅरोल्ड ब्लॅक या इंजिनिअरने 1927 मध्ये अँप्लिफायरसाठी ही कल्पना मांडली. तिच्यात आवाजाची ताकद कमी होते, पण विकृती घटते आणि यंत्रणा स्थिर राहते. थोडी ताकद देऊन खरेपणा विकत घ्यायचा, असा तो सौदा आहे.

‘अप्रतिम’ हा शेरा धन फीडबॅक आहे. तो ज्या ओळीला मिळतो ती ओळ पुढच्या आठवड्यात आणखी मोठ्याने येते. आमच्या गटात मातीचा सुगंध असाच वाढला.

पण ही उपमा एका ठिकाणी तुटते, आणि ते ठिकाण समीक्षेच्या विद्यार्थ्याने पाहायला हवे. एअर कंडिशनरला 24 अंश हवेत हे आधी ठरलेले असते. कवितेला काय व्हायचे आहे हे आधी ठरलेले नसते. तिसऱ्या क्षणात लिहिता लिहिता उद्दिष्टच बदलते, असे मुक्तिबोध सांगतात. त्यामुळे ‘ही ओळ चुकली, अशी करा’ असा सरळ दुरुस्तीचा शेराही अपुरा पडतो. तो शेरा देणारा स्वतःच्या कवितेचे उद्दिष्ट तुमच्यावर लादत असतो. काही गटांत टाळ्यांऐवजी हेच चालते आणि त्याला ‘कठोर समीक्षा’ असे नाव मिळते.

मग उरते काय? प्रश्न. डायरीतले मित्र बहुतेक हेच करतात. ते कविता दुरुस्त करून देत नाहीत; लेखकाला स्वतःच्या अनुभवाकडे परत जायला लावतात. याच पुस्तकातल्या ‘कलाकार की व्यक्तिगत ईमानदारी’ या लेखांत हा मुद्दा पुढे जातो. भावना मनापासूनची असणे पुरेसे नाही. ती ज्या वस्तुस्थितीबद्दल आहे ती वस्तुस्थिती नीट पाहिली आहे का, हेही विचारले पाहिजे. त्या संध्याकाळी कुणी केशव आमच्या गटात असता, तर त्याने शेवटच्या ओळींची स्तुतीही केली नसती आणि त्या खोडायलाही सांगितल्या नसत्या. त्याने विचारले असते, ताडपत्री किती विटांना पुरली? आणि कुठली रांग झाकायची हे कुणी ठरवले? या प्रश्नाचे उत्तर देताना ‘सुगंध’ हा शब्द आपोआप गळाला असता.

7. प्रॉम्प्ट यंत्राला

आज ‘प्रॉम्प्ट’ या शब्दाचा तुम्हाला पहिला आठवणारा अर्थ वेगळाच असेल. आता माणूस यंत्राला विषय देतो आणि यंत्र पूर्ती करते. या बदलाकडे घाबरून पाहण्याची गरज नाही, पण तो तीन क्षणांवर ठेवून पाहा. ही यंत्रे प्रचंड मजकुरावरून शिकतात आणि कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द येण्याची शक्यता अधिक, त्या अंदाजाने वाक्य उभे करतात. ‘पहिला पाऊस’ एवढेच सांगितले तर बहुधा मातीचा सुगंधच येईल, कारण तीच सर्वांत रुळलेली वाट आहे. भाषेत साठलेले अर्थ यंत्राकडे भरपूर आहेत. त्यांना दुसऱ्या टोकाने ओढणारी वळवाची रात्र त्याच्याकडे नाही. ती तुमच्याकडे आहे.

यंत्राला ‘मला प्रश्न विचार’ असे सांगता येते, आणि ते प्रश्न कधी कधी चांगलेही असतात. पण केशवाला निवेदक वर्षानुवर्षे ओळखतो, त्याच्यावर चिडतो, त्याला टाळतो आणि पुन्हा त्याच्याशीच बोलतो. ज्याचे मत आपल्याला झोंबू शकते अशा माणसासमोर कविता वाचण्यात जोखीम असते. ती जोखीम घ्यायची तयारी असेल तरच गटात जाण्याला अर्थ आहे. टाळ्यांसाठी गट लागत नाही आणि मजकुरासाठी आता माणूसही लागत नाही.

8. समारोप

मुक्तिबोध 11 सप्टेंबर 1964 रोजी गेले. त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह, ‘चाँद का मुँह टेढ़ा है’, त्यांना छापलेला पाहायला मिळाला नाही. त्यांच्या हयातीत या कविता मासिकांतून आणि मित्रांच्या बैठकींतून लोकांपर्यंत गेल्या. नेमिचंद्र जैन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने आला. ‘मुक्तिबोध रचनावली’चे संपादनही त्याच मित्राने केले. डायरीतल्या एका लेखाचे नावच ‘एक लंबी कविता का अंत’ आहे आणि त्यात कविता संपत का नाही याची तक्रार आहे. शंभर शब्दांच्या आणि एका संध्याकाळच्या मुदतीत लिहिणाऱ्या आपल्या गटांनी ती तक्रार अधूनमधून ऐकावी. सगळे अनुभव शुक्रवारपर्यंत दुसऱ्या क्षणाला पोचत नाहीत.

आमचा गट एका सत्रानंतर बंद पडला. परीक्षा आल्या, आणि खरे सांगायचे तर विषय देणाऱ्याचाही उत्साह ओसरला. त्या मुलीने कविता पुन्हा लिहिली की नाही, मी विचारले नाही. तो प्रश्न विचारायचा राहिला ही माझी चूक आहे. तुमच्या गटात ती होऊ नये, एवढ्यासाठी हे टिपण.

विचार करा आणि लिहा

1. तुमच्या गटातले शेवटचे पाच विषय आठवा. त्यांतले ‘विषय’ किती आणि ‘बंधने’ किती, ते ठरवा. प्रत्येक विषयाचे एका बंधनात रूपांतर करा.

2. स्वतःची एक जुनी कविता घ्या. तयार शब्दाने तुमचा अनुभव जिथे ओढून नेला ती ओळ शोधा. ती बदलू नका. त्या ओळीआधी प्रत्यक्षात काय घडले होते ते दहा वाक्यांत गद्यात लिहा.

3. मित्राच्या लेखनावर कुठलेही विशेषण न वापरता आणि एकही दुरुस्ती न सुचवता तीन प्रश्न लिहा. प्रश्न वस्तूंबद्दल, माणसांबद्दल किंवा घटनेबद्दल असावेत.

4. रविकिरण मंडळाबद्दल या टिपणात काढलेला निष्कर्ष तुम्हाला मान्य आहे का? मंडळातील एका कवीच्या किमान पाच कविता वाचून बाजूने किंवा विरुद्ध मत मांडा.